ओव्हनशिवाय नाताळची चॉकलेट-मार्शमॅलो वडी

नाताळ जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत दिवाळीसारखाच फराळ सुरू होतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, चिवडा, आणि जोडीला केक. केकला मात्र ओव्हन लागतो. तो नसेल तर कुकरमध्ये मीठ तापवून भाजावा लागतो किंवा बेकरीच्या भट्टीवर डबा द्यावा लागतो, आणि नाताळच्या आठवड्यात तिथे आधीच रांग असते. म्हणून इथे अशी एक वडी सांगतो जिला भाजणे नाही, तळणे नाही आणि पाकाची तारही बघावी लागत नाही. चॉकलेट वितळवायचे, त्यात मुरमुरे, शेंगदाणे आणि मार्शमॅलो मिसळायचे, थापायचे आणि गार होऊ द्यायचे.

या जिल्ह्याला नाताळ नवा नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचे काम इथे शंभर वर्षांहून जुने आहे, उमरीचा मिशनचा दवाखाना सगळ्यांच्या माहितीचा आहे. पाळक तयार करणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला जाईपर्यंत इथेच होती. आजही डिसेंबरात तरुण संघाची मुले ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली गीते गात घरोघर फिरतात. दारात आलेल्या त्या पंधरा-वीस मुलांच्या हातावर पटकन ठेवायला ही वडी फार सोयीची आहे. तेलकट नाही, चुरा सांडत नाही, आणि दोन दिवस आधी करून ठेवता येते.

कृती सोपी आहे, पण ती दोनच कारणांनी बिघडते: जास्त उष्णता आणि पाणी. पुढची प्रत्येक पायरी वाचताना एवढे ध्यानात ठेवले, तर पहिल्याच वेळी वडी जमेल.

आधी मार्शमॅलो म्हणजे काय ते पाहू. हा साखरेचा आणि ग्लुकोजच्या पाकाचा, हवा भरून फुगवलेला, दाबला की पुन्हा वर येणारा मऊ गोळा असतो. बाजारात तो बहुधा पांढरा आणि गुलाबी मिळतो. त्याला हे नाव ज्या वनस्पतीवरून मिळाले, ती कापूस, भेंडी आणि अंबाडी यांच्याच कुळातली आहे. भेंडी चिरताना हाताला जो चिकट रस लागतो, तसाच रस तिच्या मुळांत असतो. फ्रान्समधले हलवाई एकोणिसाव्या शतकात तो रस अंड्याच्या पांढऱ्या भागाबरोबर आणि साखरेबरोबर घोटून मिठाई करत. पुढे मुळाचा रस मागे पडला आणि त्याच्या जागी जिलेटिन आले. आजच्या पुड्यात त्या झाडाचा अंशही नसतो.

हे जिलेटिन नीट समजून घ्या. जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढलेले ते प्रथिन आहे, म्हणजे ते शाकाहारी नाही. ते डुकराचे आहे की गुराचे, हे पुड्यावर बहुतेक वेळा लिहिलेले नसते. नाताळचे ताट आपण शेजारी पाठवतो. तिथे कुणी माळकरी असते, कुणी जैन, कुणी मुसलमान. त्यामुळे पुडा विकत घेतानाच त्यावरची खूण पाहा. हिरव्या चौकटीत हिरवा गोल असेल तर पदार्थ शाकाहारी. तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. जुन्या वेष्टनांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी गोल असे. शाकाहारी मार्शमॅलोही मिळतो. त्यात जिलेटिनऐवजी समुद्रातल्या शेवाळापासून काढलेले अगर-अगर किंवा कॅराजीनन वापरतात. आपल्या वडीत मार्शमॅलो वितळवायचाच नाही, तो अख्खा राहतो. म्हणून दोन्ही प्रकार सारखेच चालतात, आणि शाकाहारी घेतला तर ताट कुणाच्याही घरी निःशंकपणे जाते.

आता चॉकलेट. दुकानात ते दोन प्रकारचे मिळते आणि दोन्हीच्या लाद्या सारख्याच दिसतात. एकात कोकोच्या बियांतून निघणारी चरबी असते, तिला कोको बटर म्हणतात. दुसऱ्यात तिच्याऐवजी दुसरे वनस्पतिजन्य तूप घातलेले असते, त्याला कंपाउंड चॉकलेट म्हणतात. घटकांच्या यादीत ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ असे लिहिलेले दिसले की ते कंपाउंड समजा. केकच्या दुकानांत सर्रास हेच वापरतात.

चवीला कोको बटरचे चॉकलेट सरस, यात वाद नाही. पण ते नुसते वितळवून गोठवले तर मऊ आणि निस्तेज राहते, वर पांढुरके पट्टे येतात. त्याला ठरावीक अंशांपर्यंत तापवून, उतरवून, पुन्हा किंचित तापवावे लागते. या कामाला टेंपरिंग म्हणतात आणि त्याला तापमापक लागतो. कंपाउंडला यातले काही लागत नाही. वितळवा, ओता, ते आपोआप कडक होते. पहिल्यांदा करत असाल तर आपण डार्क कंपाउंड घ्या. मिल्क कंपाउंड आणि वर मार्शमॅलोची साखर, म्हणजे वडी घशाशी येईल इतकी गोड होते.

प्रमाण असे. डार्क कंपाउंड ४०० ग्रॅम, मार्शमॅलो १०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, मुरमुरे चहाच्या मोठ्या मगाने २ मग, साजूक तूप ३० ग्रॅम म्हणजे पोह्यांचे २ मोठे चमचे, आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात ८ इंची चौकोनी डब्यात २५ मोठ्या किंवा ३६ लहान वड्या होतात. मुरमुरे, शेंगदाणे, तूप घरात असतेच. कंपाउंड आणि मार्शमॅलो मात्र केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानात विचारावे लागतात. आपल्या गावात नसतील तर नागपूर-अमरावतीहून येणाऱ्या कुणाला डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा. येताना लादी वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांत गुंडाळून आणायला सांगा, आणि बसमध्ये इंजिनाजवळच्या जागेत ठेवू नका म्हणावे.

लोणी न घेता तूप का, हा प्रश्न येईल. विकतच्या बटरमध्ये १६ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकते, तुपात ते जवळजवळ नसते. चॉकलेटला पाण्याचे वावडे आहे, म्हणून तूप अधिक सुरक्षित. फक्त ते ताजे असावे. जुन्या तुपाचा वास चॉकलेटमध्ये लपत नाही.

पहिली पायरी मुरमुऱ्यांची, आणि घाईत नेमकी हीच वगळली जाते. मुरमुरे चाळून घ्या. जाड बुडाच्या कढईत, तेल न घालता, मंद आचेवर पाचेक मिनिटे हलवत राहा. एक मुरमुरा चिमटीत दाबून पाहा. तो चुरचुरून मोडला तर झाले. नुसता चपटा झाला तर अजून वेळ आहे. मग मोठ्या परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असतानाच चॉकलेटमध्ये घातले तर त्यांची वाफ आत कोंडते आणि दुसऱ्या दिवशी वडी चामट लागते.

शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, गार झाले की हाताने चोळून साले काढा, पाखडा आणि प्रत्येकाचे दोन भाग करा. कूट करू नका, वडीला चावताना काहीतरी कडक लागले पाहिजे. चारोळी असेल तर मूठभर हलकी परतून ठेवा, वरून पेरायला ती शोभते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले कुणी माहितीत असेल तर त्यांच्यासाठी शेंगदाणे न घालता वेगळी वडी करा, आणि तीही याच्या आधी करा, म्हणजे त्याच भांड्यातला कण तिच्यात जाणार नाही.

मार्शमॅलो लहान असतील तर तसेच ठेवा. मोठे असतील तर कात्रीने प्रत्येकाचे चार तुकडे करा. दोन तुकड्यांतच कात्री चिकटायला लागते. अशा वेळी हात आपोआप पाण्याकडे जातो. तसे करू नका. पात्यांना तुपाचे बोट फिरवा किंवा कॉर्नफ्लॉवर लावा. कापलेले तुकडेही चमचाभर कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवा आणि चाळणीत घालून जास्तीचे झटकून टाका. मग ते एकमेकांना धरत नाहीत.

संत्र्याचा हंगाम असतोच, त्याचा उपयोग करता येतो. एक संत्रे धुऊन अगदी कोरडे पुसा आणि सालीचा फक्त वरचा केशरी थर बारीक किसणीवर किसा. खालचा पांढरा भाग कडू असतो. हा कीस कागदावर पसरून तासभर सुकवा. चॉकलेटबरोबर त्याचा वास इतका छान जुळतो की एकदा घातला की पुढच्या वर्षी आपण विसरणार नाही. संत्र्याच्या फोडी मात्र कितीही वाटल्या तरी घालू नका, त्यांच्या रसाने सगळे बिघडेल. टुटीफ्रुटी घालायची असेल तर तीही आधी कागदावर टिपून घ्या.

आता डबा तयार ठेवा. चॉकलेट वितळल्यावर शोधाशोध करायला वेळ मिळत नाही. डब्यात बटर पेपर असा घाला की दोन बाजूंनी तो वर राहील. पुढे त्याला धरूनच सगळी लादी बाहेर काढायची आहे. बटर पेपर नसेल तर तुपाचा हात फिरवलेली स्टीलची ताटली चालते, वड्या सुटायला थोडा त्रास होतो इतकेच. वर्तमानपत्र कधीही घालू नका, त्याची शाई पदार्थात उतरते.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, चॉकलेट वितळवणे. ते थेट गॅसवर कधीच ठेवायचे नाही. गॅसवरचे बूड चॉकलेटला सोसेल त्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. तळाशी ते जळते, दाणेदार होते, करपट वास येतो, आणि जळलेले चॉकलेट कशानेही सुधारत नाही.

त्याऐवजी असे करा. एका गंजात दोन बोटे पाणी घालून उकळा. उकळी आली की गॅस बंद करा. त्यावर स्टीलचे मोठे, कोरडे पातेले ठेवा. ते गंजाच्या तोंडावर घट्ट बसले पाहिजे आणि त्याचे बूड पाण्याला टेकता कामा नये. ते गंजापेक्षा रुंदच हवे, कारण लहान असले तर बाजूने वाफ वर येते आणि थेंब होऊन चॉकलेटमध्ये पडते. लादीचे बारीक तुकडे करून त्यात घाला, तूप आणि मीठ घाला, आणि तीन-चार मिनिटे हात लावू नका. मग कोरड्या चमच्याने हळूहळू ढवळा. थोडे तुकडे उरले असतानाच पातेले खाली उतरवा; उरलेले आतल्या उष्णतेने वितळतात. पाणी गार झाल्यामुळे बरेच तुकडे राहिले तर पातेले बाजूला ठेवून पाणी पुन्हा उकळा. खाली उतरवल्यावर पातेल्याचे बूड लगेच फडक्याने पुसा, नाहीतर मिश्रण ओतताना तेच पाणी डब्यात गळते.

झाकण कधीही ठेवू नका. झाकणाला जमलेली वाफ थेंब होऊन आत पडते. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या शक्तीवर तीस-तीस सेकंद ठेवून दर वेळी ढवळा. तुकड्यांचा आकार वरून तसाच दिसतो आणि आत ते वितळलेले असतात, म्हणून नुसते बघून अंदाज घेऊ नका.

तरीही कधी पाण्याचा थेंब पडतोच, आणि चकाकणारे पातळ चॉकलेट क्षणात घट्ट, रवाळ गोळा होते. असे का होते? चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण. त्यात पाणी जवळजवळ नसते. थोडेसे पाणी शिरले की साखरेचे कण ओले होतात, एकमेकांना चिकटतात आणि कोकोलाही धरून ठेवतात. पुन्हा तापवून हा गोळा सुटत नाही, उलट करपतो.

पण तो फेकूनही देऊ नका. चमचाभर कोमट तूप घालून घोटून पाहा. थोडेच बिघडले असेल तर ते सैल होते आणि वडीला चालून जाते. अगदीच घट्ट झाले असेल तर कोमट दूध चमच्याचमच्याने घालत घोटा. पाणी पुरेसे झाले की साखर त्यात विरघळते आणि मिश्रण पुन्हा गुळगुळीत होते. त्याची वडी पडणार नाही, पण केकवर ओतायला किंवा मुलांच्या दुधात घालायला उत्तम चॉकलेट सॉस तयार झालेला असतो. वडीसाठी मग दुसरी लादी घ्यावी लागते.

म्हणून एक सूचना. ज्या वेळी शेगडीवर चकल्या तळणे किंवा भात शिजणे चालू आहे, त्या वेळी चॉकलेट हाती घेऊ नका. स्वयंपाकघरातली वाफ आणि तळणीचा वास दोन्ही त्याला लागतात. रात्री ओटा आवरून, कोरडा पुसून झाला की हे काम करावे.

चॉकलेट वितळले की लगेच मार्शमॅलो घालण्याचा मोह होतो. थांबा. जिलेटिन साधारण ३५ अंशांनाच वितळू लागते, म्हणून गरम चॉकलेटमध्ये मार्शमॅलो विरघळून चिकट दोरे होतात. पातेल्याचे बूड तळहाताला कोमट, जवळजवळ अंगाइतकेच उबदार लागेपर्यंत दहा मिनिटे मधूनमधून ढवळत राहा. फार गार होऊ दिले तर कडेने ते गोठायला लागते. तसे दिसले तर पातेले मिनिटभर त्याच गंजावर ठेवा.

आता संत्र्याचा कीस, शेंगदाणे, मग मुरमुरे घाला आणि खालून वर उलटत मिसळा. सगळ्यांना काळा रंग चढला की शेवटी मार्शमॅलो घाला आणि चार-पाच वेळाच उलटा. थोडे पांढरे-गुलाबी तुकडे उघडे दिसले तर चांगलेच, कापल्यावर तेच शोभा आणतात.

मिश्रण डब्यात ओता आणि चमच्याच्या पाठीने कोपऱ्यांपर्यंत सारखे करा. चिक्की थापताना वाटीने दाबतो तसे इथे दाबू नका. जोर दिला की मार्शमॅलोतली हवा निघून जाते आणि वडी जड होते. डबा ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटला की मधल्या पोकळ्या भरतात. वर चारोळी पेरा.

गोठवण्याचे काम यवतमाळची डिसेंबरची थंडीच करते. रात्री डबा झाकून फळीवर ठेवा, सकाळपर्यंत लादी घट्ट होते. दुपारी करत असाल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात पाऊण तास पुरे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. तिथून बाहेर काढताच वडीवर दव धरते, त्यात वरची साखर विरघळते आणि पाणी उडाले की पांढरे डाग राहतात. खाण्याला ते अपायकारक नसतात, पण पाहुण्यांना बुरशी वाटते.

कापण्याआधी फ्रीजमधली लादी पंधरा मिनिटे बाहेर ठेवा, नाहीतर सुरी लागताच तडे जातात. कागदाला धरून लादी पाटावर घ्या. मोठी सुरी गरम पाण्यात बुडवा, पूर्ण कोरडी पुसा आणि मागेपुढे करत कापा. दर दोन-तीन कापांनंतर सुरी पुसून पुन्हा गरम करा.

वड्या हवाबंद डब्यात, प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालून ठेवा. आठवडाभर त्या उत्तम राहतात, पुढे मुरमुरे मऊ पडायला लागतात. चॉकलेट भोवतालचा वास फार पटकन ओढून घेते. ज्या डब्यात चिवडा किंवा चकली होती तो धुतला तरी हिंगाचा वास देतो, म्हणून वेगळाच डबा घ्या. नाताळासाठी २२ किंवा २३ डिसेंबरला केल्या की नेमके जमते. संडे स्कूलच्या सगळ्या मुलांसाठी करायच्या असतील तर प्रमाण एकदम तिप्पट करू नका, तीन वेळा वेगवेगळे करा. मोठा घाणा मिसळेपर्यंत अर्धे चॉकलेट गोठते.

मुलांना स्वतः काही करायचे असेल तर याच चॉकलेटमध्ये अख्खे मार्शमॅलो बुडवू द्या. आइस्क्रीमच्या काडीचे टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून मार्शमॅलोत खुपसा आणि ते गोठू द्या. मगच पूर्ण बुडवा. हे आधी केले नाही तर मार्शमॅलो काडीवरून सुटून पातेल्यात पडतो. खोल डब्यात तांदूळ भरून त्यात काड्या उभ्या रोवल्या की सगळे न चिकटता वाळतात.

मार्शमॅलो वितळवून मुरमुऱ्यांत मिसळायची पद्धतही आहे. अमेरिकेत केलॉग कंपनीच्या स्वयंपाकघरात १९३९ साली फुगवलेल्या तांदळाची तशी वडी पहिल्यांदा झाली, आणि आपल्या गुळाच्या पाकातल्या मुरमुऱ्यांच्या लाडवाची ती जवळची नातेवाईक आहे. पण त्यासाठी जिलेटिनचाच मार्शमॅलो सोयीचा. अगर-अगर वितळायला सुमारे ८५ अंश उष्णता लागते, आणि तिथपर्यंत जाईतो साखर तळाला लागण्याची भीती असते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

चार वर्षांखालच्या मुलांना अख्खा मार्शमॅलो किंवा अख्खा शेंगदाणा देऊ नका, तो घशात अडकू शकतो. त्यांच्यासाठी वडीचे अगदी बारीक तुकडे करा आणि खाताना जवळ बसा.

आणि मार्शमॅलोचा व चॉकलेटचा रिकामा पुडा नाताळ होईपर्यंत टाकू नका. शेजारच्या घरून कुणी विचारले, तर त्यावरची हिरवी खूण आणि घटकांची यादी त्यांना दाखवा.